तांब्या, कळशी, हंडा : डी अँड डीमध्ये जादू कशी चालते आणि क्लास कसा निवडायचा

मागच्या हिवाळ्यात यावलकडच्या शेतात भरीत पार्टी होती. वांगी भाजून झाली होती, कळण्याच्या भाकरींना वेळ होता, म्हणून खाटेवर कागद पसरून घरच्या चार पोरांना मी पहिल्यांदा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) खेळायला बसवलं : प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. अकरावीतल्या भाचीने विझार्ड, म्हणजे जादूगाराचं पात्र घेतलं. सातपुड्याच्या घाटात दोन भुरटे दरोडेखोर आडवे आले आणि तिने त्यांच्यावरच आपले दोन्ही मोठे स्पेल (जादूचे प्रयोग) उडवून टाकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासाने गुहेच्या तोंडाशी त्यांचा सरदार उभा राहिला तेव्हा मी विचारलं, “तुना कितला स्लॉट ऱ्हायनात?” ती कागदाकडे बघत म्हणाली, “दोन्ही सरनात, मामा.”

पुढचा सगळा डाव ती गप्प बसून होती. चूक तिची नव्हती. मी तिला क्लासचं, म्हणजे पात्राच्या पेशाचं नाव सांगितलं, स्पेलची नावं सांगितली, पण जादू संपते कशी आणि परत येते कशी, हे सांगितलंच नव्हतं. आता कोणीही नवीन माणूस खेळायला बसला की मी आधी तेच सांगतो. इथेही त्याच क्रमाने लिहितो आहे.

आधी सामान

लागतं फार थोडं. चार-पाच माणसं, प्रत्येकाला एक कागद (याला कॅरेक्टर शीट म्हणतात), पेन्सिल, खोडरबर आणि फासे. फासे सहा प्रकारचे असतात : ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे. त्यांना डी४, डी६ असं करत डी२० पर्यंत नावं आहेत. आपल्याकडच्या दुकानांत ते सहज मिळत नाहीत. ऑनलाइन मागवा, मोबाइलवर फासे टाकणारं ॲप घ्या, नाहीतर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका. चिठ्ठी काढली की परत टाकायची आणि डबा हलवायचा, एवढं पाळलं की हिशेब फाशासारखाच राहतो.

नियमांसाठी पैसे खर्च करायची घाई नको. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आणि कायदेशीर उपलब्ध आहे. इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. ‘एसआरडी ५.१’ या नावाने शोधा. बाराही क्लास त्यात आहेत.

घरात वडीलधारी माणसं असतील तर त्यांना आधी समोर बसवा. आमच्या फुईला (आत्याला) फाशांचा आवाज ऐकून आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे पैसे लावून खेळायचे पत्त्यांचे डाव आठवले आणि तिचा चेहरा उतरला. पैसे कुठेच नाहीत, सगळे मिळून एक गोष्ट सांगताहेत, हे तिने डोळ्यांनी पाहिलं तेव्हा ती भाकरी थापता थापता ऐकत राहिली. याच कारणाने मी ‘मंत्र’ हा शब्द टाळतो आणि ‘स्पेल’च म्हणतो. मंत्र म्हटलं की घरातल्या कोणाला तरी पूजा आठवते, कोणाला तरी करणी. खेळातल्या जादूचा दोन्हीशी संबंध नाही.

क्लास म्हणजे काय

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ पहिल्यांदा छापला तेव्हा त्यात तीनच क्लास होते : लढणारा, जादू करणारा आणि देवाच्या कृपेने बरं करणारा. पुढच्याच वर्षी चोर आला. आजच्या खेळात बारा आहेत, पण खोलवर पाहिलं तर अजूनही त्या चारांचीच मिश्रणं दिसतात.

नवखा माणूस क्लास निवडतो तो चित्र पाहून. दाढीवाला म्हातारा आवडला, घेतला विझार्ड. माझं म्हणणं असं की चित्र बाजूला ठेवा आणि प्रत्येक क्लासला दोन प्रश्न विचारा. तुझी शक्ती येते कुठून? आणि ती संपते कधी, परत येते कधी? या दोन उत्तरांत त्या क्लासचा सगळा स्वभाव असतो.

विझार्डची शक्ती अभ्यासातून येते. त्याच्याकडे एक वही असते, तीत तो स्पेल उतरवून घेतो. पहिल्या लेव्हलला (पात्र खेळता खेळता चढतं त्या पायरीला लेव्हल म्हणतात) वहीत सहा स्पेल असतात आणि प्रत्येक लेव्हलला दोन वाढतात. वाटेत दुसऱ्या विझार्डची वही सापडली तर पैसे आणि वेळ खर्चून तीही उतरवता येते. पण वहीत आहे ते सगळं एका दिवशी हाताशी नसतं. सकाळी बसून त्यातले काही तयार करायचे, तेवढेच त्या दिवशी वापरता येतात. परीक्षेला जाताना सगळी पुस्तकं घरीच राहतात आणि पाठ केलेलं तेवढंच सोबत येतं, तसं. ज्याला आधी विचार करून ठेवायला आवडतं, त्याचा हा क्लास.

क्लेरिकची शक्ती देवतेकडून येते. त्याला वही नको, त्याच्या यादीतले त्याच्या लेव्हलचे सगळे स्पेल त्याला खुले असतात. रोज त्यातले थोडे निवडायचे. जखमा बऱ्या करणं हे त्याचं ठळक काम, पण चिलखत घालून पुढे उभा राहून लढणारा क्लेरिकही होतो. इथे एक सांगतो. आमच्या टेबलावर एकाने कानबाईचा क्लेरिक करू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. श्रावणात जिची घरोघर स्थापना होते, तिला फाशांच्या हिशेबात आणणं मला पटत नाही आणि उद्या टेबलावरच्या दुसऱ्या कोणाला ते लागू शकतं. आम्ही एका वाळून गेलेल्या नदीची कल्पित देवता तयार केली. ती अजून आमच्या गोष्टीत आहे आणि दर पावसाळ्याला परत येते.

वॉरलॉकने कोणा बलाढ्य शक्तीशी करार केलेला असतो. त्याचे स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधी, नीट पुढे सांगतो) फार कमी, पहिल्या लेव्हलला एक, दुसऱ्याला दोन. पण ते तासाभराच्या विश्रांतीत भरून येतात. बाकीच्यांना त्यासाठी रात्रभर झोपावं लागतं. म्हणून वॉरलॉक खेळणारा सारखा “जरा बसू या का?” म्हणत असतो. ते त्याच्या क्लासमुळे, आळसामुळे नाही.

सॉर्सररची जादू रक्तात असते. तिला शिकवणी लागत नाही. स्पेल कमी येतात, पण दुसऱ्या लेव्हलपासून त्याला मिळणाऱ्या पॉइंटांनी तो पुढे ते वाकवू शकतो, दुप्पट लांब फेकू शकतो. ड्रुइडची शक्ती निसर्गातून येते आणि दुसऱ्या लेव्हलपासून त्याला जनावराचं रूप घेता येतं. बार्ड हा गाण्यातून जादू करतो. आपल्याकडे खानदेशात ‘वही गायन’ नावाचं लोकगायन ऐकलेल्या माणसाला बार्ड वेगळा समजावून सांगावा लागत नाही : आवाजाने माणसं उभी राहतात, हे त्याने पाहिलेलं असतं. बार्ड सोबत्याला एक डी६ देतो, तो त्याने आपल्या अडचणीच्या वेळी वीसच्या फाशात मिळवायचा.

पॅलडिन आणि रेंजर अर्धे लढवय्ये, अर्धे जादूवाले. पहिल्या खेळात हे दोन नकोत, कारण दोन्हीकडचे नियम एकदम शिकावे लागतात.

उरले बिनजादूचे. फायटर दिवसभर तलवार चालवतो आणि तलवार संपत नाही. रोग (आजार नव्हे, इंग्रजीतला ‘rogue’, म्हणजे चोर) एका पाळीत एकदा, शत्रू बेसावध असताना किंवा सोबती त्याच्याशी भिडलेला असताना, जास्तीचा घाव घालतो. पहिल्या लेव्हलला तो एक डी६ असतो, आणि तोही कधी संपत नाही. बार्बेरियनचा राग मात्र मोजका, सुरुवातीला दिवसातून दोनदा. रागात असताना त्याला स्पेल टाकता येत नाही. मंकची ऊर्जा तासाभराच्या विश्रांतीत परत येते.

स्लॉट : इथे थांबा आणि नीट वाचा

नवखे सगळ्यात जास्त इथेच अडखळतात. स्पेल येणं वेगळं आणि स्लॉट असणं वेगळं. मी घरातली पितळी भांडी समोर मांडून सांगतो.

स्पेल म्हणजे पाणी भरून आणायच्या जागा : विहीर, नदी, हौद. त्या तुम्हाला माहीत आहेत, त्या संपत नाहीत. स्लॉट म्हणजे तुमच्याकडची भांडी. पहिल्या लेव्हलचा स्लॉट हा तांब्या, दुसऱ्याचा कळशी, तिसऱ्याचा हंडा. एक स्पेल टाकला की एक भांडं रिकामं झालं. विहीर अजून माहीत आहे, पण आज आणायला भांडं नाही. रात्री झोपलात की सकाळी सगळी भांडी परत हाताशी.

पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे दोन तांबे असतात. दुसऱ्या लेव्हलला तीन. तिसऱ्या लेव्हलला चार तांबे आणि दोन कळशा. पाचव्या लेव्हलला चार तांबे, तीन कळशा आणि दोन हंडे. क्लेरिक, ड्रुइड, बार्ड, सॉर्सरर यांचाही हाच तक्ता आहे.

इथे लेव्हल हा शब्द दोन ठिकाणी येतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. तुमची लेव्हल वेगळी, स्पेलची लेव्हल वेगळी. तिसऱ्या लेव्हलच्या माणसाला तिसऱ्या लेव्हलचा स्पेल येत नाही, तो पाचव्या लेव्हलला येतो. सगळ्यांना हवा असलेला फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे, म्हणजे हंड्याचा. तो १५० फुटांपर्यंत टाकता येतो, जिथे पडेल तिथून वीस फुटांच्या आतल्या प्रत्येकावर आठ डी६ इतकं नुकसान, चपळाईने चुकवलं तर निम्मं. आपला माणूस त्या घेरात उभा असेल तर तोही भाजतो. टाकण्याआधी दोनदा विचारा, “आपलं कोण आहे तिथे?”

भांड्यांचा दाखला मला आवडतो तो पुढच्या नियमासाठी. तांब्याभर पाणी हंड्यात ओतता येतं, हंडाभर पाणी तांब्यात मावत नाही. तसंच लहान स्पेल मोठ्या स्लॉटमधून टाकता येतो, मोठा स्पेल लहान स्लॉटमधून नाही. आणि बरेचसे स्पेल मोठ्या भांड्यातून टाकले की जास्त जोराने येतात. मॅजिक मिसाइलमध्ये तांब्यातून तीन बाण सुटतात, कळशीतून चार, हंड्यातून पाच.

या सगळ्याबाहेर एक प्रकार आहे : कॅन्ट्रिप. त्याला भांडंच लागत नाही, ओंजळ पुरते. दिवसभर, हवा तितक्या वेळा. पहिल्या लेव्हलच्या विझार्डला तीन कॅन्ट्रिप येतात. माझ्या भाचीकडे फायर बोल्ट होता, १२० फुटांवर आगीचा लोळ, फुकट, कायमचा. तो वापरायचा हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आणखी दोन सवलती लक्षात ठेवा. काही स्पेलवर ‘रिच्युअल’ असं लिहिलेलं असतं. ते दहा मिनिटं जास्त लावून टाकले तर स्लॉट जात नाही. जादू ओळखायचा डिटेक्ट मॅजिक त्यातलाच. आणि विझार्डला दिवसातून एकदा, तासभर बसल्यावर, थोडे स्लॉट परत मिळतात. पहिल्या लेव्हलला एक तांब्या. त्या रात्री गुहेबाहेर आम्ही तासभर बसलो असतो तर तिच्याकडे एक स्लॉट आला असता. मलाही ते दुसऱ्या दिवशी नियम उघडले तेव्हा दिसलं.

कागदावर खुणा करून खोडत बसण्यापेक्षा चिंचोके घ्या. जितके स्लॉट तितके चिंचोके समोर. स्पेल टाकला की एक चिंचोका मधल्या वाटीत. झोप झाली की वाटी रिकामी करून ज्याचे त्याला परत. बोटांनी उचलून टाकलं की मन आपोआप हिशेब ठेवतं. पोरांनाच नाही, मोठ्यांनाही.

आकडे कुठून येतात

प्रत्येकाला सहा गुण असतात. मी ते मराठीत लिहितो : ताकद, चपळाई, दमखम, बुद्धी, जाण, छाप. सुरुवातीला १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा आकडे घ्या आणि हवे तिथे वाटा. त्यावर आणखी थोडी भर पडते, म्हणून मुख्य गुण बहुतेक वेळा १६ होतो. कागदावर खरा उपयोगाचा आकडा मात्र त्यातून निघणारा बोनस असतो : गुणातून १० वजा करा, निम्मे करा, अपूर्णांक उरला तर खालचा पूर्ण आकडा घ्या. १६ चे +३. ८ चे −१.

विझार्डची जादू बुद्धीवर चालते. क्लेरिक, ड्रुइड, रेंजर यांची जाणेवर. बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक, पॅलडिन यांची छापेवर. मोठा आकडा तिथे ठेवा, दुसरा मोठा दमखमाला. हे चुकलं तर सगळा खेळ जड जातो.

आता एक प्रसंग करून पाहू. बुद्धी १६, पहिली लेव्हल. समोर दरोडेखोर, त्याचा बचाव १२ (हल्ला लागायला इतके हवेत), जीव ११ (इतकं नुकसान झालं की तो पडतो).

फायर बोल्ट टाकला. डी२० फेका, त्यात बुद्धीचे ३ आणि सरावाचे २ (पहिल्या लेव्हलचा ठरलेला आकडा), एकूण ५ मिळवा. १२ किंवा जास्त झालं की लागला. म्हणजे फाशावर ७ किंवा वर हवेत, दहात सात वेळा. नुकसान एक डी१०, सरासरी साडेपाच. एका फटक्यात तो बहुधा पडणार नाही, पण चिंचोका खर्च झाला नाही.

मॅजिक मिसाइल टाकला. फासा फेकायचाच नाही, तीन बाण चुकत नाहीत. प्रत्येकी डी४ अधिक १. कमीत कमी ६, जास्तीत जास्त १५, सरासरी साडेदहा. एक चिंचोका गेला.

तिसरी तऱ्हा क्लेरिकच्या सेक्रेड फ्लेमची. इथे फासा समोरचा टाकतो. त्याला पार करायचा आकडा तुमचा : ८ अधिक सरावाचे २ अधिक जाणेचे ३, म्हणजे १३. दरोडेखोराची चपळाई +१, त्याला फाशावर १२ हवेत. शंभरात ४५ वेळा तो सुटेल.

‘मी फेकायचं की त्याने?’ हा प्रश्न प्रत्येक नवीन स्पेल वाचताना पहिल्यांदा विचारा. स्पेलच्या मजकुरात उत्तर असतंच.

लक्ष धरून ठेवायचे स्पेल

काही स्पेल टाकून संपत नाहीत, ते धरून ठेवावे लागतात. याला कॉन्सन्ट्रेशन म्हणतात. क्लेरिकचा ब्लेस घ्या : तीन सोबत्यांना हल्ल्याच्या फाशात आणि स्पेलसारख्या गोष्टींतून सुटण्यासाठी टाकायच्या फाशात डी४ जास्तीचा मिळतो. पण तो धरलेला असताना दुसरा धरायचा स्पेल टाकला की पहिला सुटला. डोक्यावर एक घागर असताना दुसरी चढवता येत नाही.

घाव बसला तर दमखमाचा फासा टाकायचा. १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मे, यांतलं जे मोठं तेवढं यायला हवं. नाही आलं तर घागर पडली. म्हणून जाणते शत्रू आधी क्लेरिकवर चालून येतात, आणि म्हणून त्याच्यापुढे फायटर उभा करायचा असतो. क्लास एकमेकांवर कसे टेकलेले असतात ते मला तरी पहिल्यांदा या एका नियमातून कळलं.

मग घ्यायचं काय

पहिल्यांदाच खेळणाऱ्या चौघांना मी सांगतो : फायटर, रोग, क्लेरिक, विझार्ड. १९७० च्या दशकातले हेच ते चार, आणि आजही यांनी कुठलाही प्रसंग निभावतो. ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याने फायटर. ज्याला बोलायला, लपायला, कुलूप उघडायला आवडतं त्याने रोग. विझार्ड अशा माणसाला द्या जो आपणहून स्पेलची यादी घरी घेऊन जाईल. त्याचा जीव सगळ्यात कमी असतो, पहिल्या लेव्हलला ६ अधिक दमखमाचा बोनस, त्यामुळे त्याला मागे उभं राहायला शिकवा. क्लेरिक कोणी घेत नसेल तर जबरदस्ती करू नका. औषधाच्या दोन बाटल्या देऊन डीएमला काम भागवता येतं.

डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा. नियमावरून वाद झाला तर त्याने तिथल्या तिथे निर्णय द्यावा आणि पुस्तक खेळ संपल्यावर उघडावं. खेळ थांबवून पंधरा मिनिटं पानं चाळण्याने जितके नवे लोक पळाले तितके हरण्याने पळालेले मी पाहिले नाहीत.

सुरुवात करायला हा प्रसंग घ्या. फैजपूरकडून निघालेली केळीची बैलगाडी, दिवेलागणीची वेळ, ओढ्याच्या उतारावर बाभळीचं झाड आडवं टाकलेलं. झुडपांत चार दरोडेखोर. प्रत्येकाचा बचाव १२, जीव ११, तलवारीच्या हल्ल्याला +३, नुकसान डी६ अधिक १. चौघा नवख्यांना ही लढत ना सोपी ना जीवघेणी. पण लढाईच करायला हवी असं नाही. रोग बोलून पाहील, क्लेरिक दरोडेखोराच्या पायावरची जुनी जखम बघेल, विझार्ड ओंजळीतला उजेड झाडावर टाकून त्यांना घाबरवेल. यातल्या कशालाही चिंचोका लागत नाही. ओढा ओलांडल्यावर मागून पाचव्या माणसाची शीळ ऐकू येऊ द्या, आणि मग विझार्डला विचारा, वाटीबाहेर किती आहेत.